रूपरावचा शर्ट आणि माझ्या पोटातली रेती

मित्रांनो, मी एक जुना थैला आहे. भाजीचा नव्हे, दप्तराचाही नव्हे, मुक्के खाण्याचा. शहरातली मुलं मला पंचिंग बॅग म्हणतात. वर्धा शहराला लागून सिंदी मेघे आहे. तिथल्या व्यायामशाळेत छताच्या लोखंडी कडीला मी अठरा वर्षांपासून लटकतो आहे. एवढ्या वर्षांत मी लाखो ठोसे खाल्ले आणि कधी कुरकुर केली नाही. पण एकदा एका चित्रपटात काम केलं आणि माझं डोकं फिरलं. मला डोकं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी फिरलं.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. बॉक्सिंग शिकवणाऱ्या धनंजय सरांनी एका ट्रकची फाटकी ताडपत्री मागून आणली आणि मोच्याकडून दुहेरी दोऱ्यानं मला शिवून घेतलं. आता पोटात भरायचं काय? सरांनी एक रीत पाडली. व्यायामशाळेत नवा येणाऱ्यानं घरातला एक जुना कपडा आणायचा, धुऊन, आणि आपल्या हातानं माझ्या पोटात भरायचा. म्हणून माझ्या पोटात सगळी वस्ती होती. कोणाच्या आईचं लुगडं, कोणाच्या आजोबांचं धोतर, एका हवालदाराची खाकी पॅन्ट, शाळेचे आखूड झालेले स्कर्ट. एकाने बापाचा चालू पायजमा आणला होता, तो दुसऱ्या दिवशी बापच येऊन काढून घेऊन गेला.

दरवर्षी खंडेनवमीला, लोक घरच्या हत्यारांची पूजा करतात त्या दिवशी, सर मला खाली उतरवत. पोट उघडत. कपडे भिंतीवर उन्हात टाकत, विरलेले काढत, नवे घालत आणि दांडक्यानं ठासून मला पुन्हा भरत. वर मऊ नको, खाली कडक नको, सगळीकडून सारखं. न उघडलेला थैला एक दिवस हात मोडतो, असं सर पोरांना सांगत. हे वाक्य लक्षात ठेवा. मोठी माणसं विसरली.

रूपाली दहा वर्षांची असताना आली. पवनारची पोरगी, बसनं यायची. तिनं बापाचा चौकटीचा शर्ट आणला होता, कारण घरात तोच सगळ्यात जाड होता. तिचा बाप रूपराव धाम नदीच्या काठाला वांगी-मेथी लावतो. भाजी बाजारात देऊन तो पोरीला न्यायला यायचा, दारातल्या पायरीवर बसायचा आणि शेवटची दहा मिनिटं उरली की रोज तेच म्हणायचा, "आटप व, बस येऊन राह्यली." सात वर्षांत या वाक्यात एक अक्षर बदललं नाही. पोरगी मात्र बदलली. तिचा डावा ठोसा बसला की माझ्या कडीपर्यंत कळ जायची. सतराव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली, पेपरात बोटाएवढा फोटो छापून आला, आणि तो फोटो पाहून राकेश आला.

राकेश म्हणजे चित्रपटाचा दिग्दर्शक. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. छपराखालीही काढत नव्हता. त्याला म्हणे आमच्या रूपालीच्या खऱ्या आयुष्यावर बॉक्सिंगचा चित्रपट करायचा होता. व्यायामशाळेचे अध्यक्ष भैय्याजी आनंदानं नुसते थुईथुई नाचायचे बाकी होते. त्यांनी लगेच रूपराव आणि त्याची बायको नलू यांना बोलावून माझ्यासमोर खुर्च्यांवर बसवलं.

राकेशनं विचारलं, आयुष्यात दुःख काय? रूपरावनं पुष्कळ विचार केला. पाहुणा इतक्या लांबून आलाय, त्याला काहीतरी द्यायला हवं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, बस वेळेवर येत नाही. राकेशनं विचारलं, मुलीच्या जातीनं बॉक्सिंग करायचं म्हणून गाव तुटून पडलं असेल? रूपराव म्हणाला, तसं काही नाही, रात्री वांगी चोरणाऱ्याला एक ठेवून दे, एवढंच गाव म्हणालं. मग राकेश नलूकडे वळला. पोरीचं पहिलं पदक पाहून तुम्ही रडला असाल. नलूबाई म्हणाली, रडली न, कांदे चिरून राह्यलती.

राकेशनं वही मिटली. "कहानी में दर्द नहीं है," असं तो आपल्या माणसाला म्हणाला. मित्रांनो, पोरगी सात वर्षं पहाटे उठून बस पकडते, नाकातून रक्त आलं तरी तोंड धुऊन पुन्हा उभी राहते, याला तो म्हणतो दर्द नाही. मग त्यानं दर्द आणला. पोतंभर आणला.

सगळ्यात आधी त्यानं रूपरावला मारलं. चित्रपटात हो. जिवंत बाप पायरीवर बसून तंबाखू मळतोय आणि हा त्याला सांगतो, इंटरव्हलला तुम्ही हार्ट अटॅकनं जाता. रूपराव काही चिडला नाही. "मरतो त मरतो, पण वांगे चांगले दाखवजा जी," एवढंच म्हणाला. तेही दाखवले नाहीत. कॅमेऱ्यात छान दिसते म्हणून पत्ताकोबी दाखवली.

मग एक आंधळी आजी आणली. रूपालीची आजी सुईत दोरा ओवते, पण ते राहू द्या. मग नलूबाईच्या जागी जी नटी होती तिला खोकला लावला. मग एक लंगडं कुत्रं आणलं. कुत्रं आमच्याच गल्लीतलं, चारी पायांनी धडधाकट; त्याच्या मागच्या पायाला पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टी दुसऱ्या पायाला बांधली गेली, आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही. अशा लोकांच्या हातात लोकांचे अश्रू दिलेले असतात, मित्रांनो.

अंत्ययात्रेचं शूटिंग झालं तेव्हा गर्दीत उभं राहायला गावचेच लोक घेतले. रूपरावही घेतला. म्हणजे हा गडी स्वतःच्या मयतीला स्वतः गेला. आणि रडलासुद्धा! खरा रडला. दिग्दर्शक इतका खूष झाला की त्याला तीनदा रडवलं. एवढं साधं माणूस समोर उभं आहे, त्याच्याकडून आपण काय उकळतोय, याची त्या काळ्या चष्म्यामागे जरासुद्धा लाज नव्हती.

आता माझी पाळी. जुन्या कपड्यांची रीत सरांनी भोळेपणानं राकेशला सांगितली. तो खुर्चीतून उडालाच. मेलेल्या बापाचा शर्ट थैल्यात! शेवटाकडे पोरगी थैला फोडते आणि आतून शर्ट निघतो! त्यानं मला खाली उतरवायला लावलं. त्या दिवशी सर त्यांच्या नोकरीच्या शाळेत होते. त्याच्या माणसांनी माझं पोट फाडलं आणि इतक्या वर्षांची वस्ती बाहेर ओढून काढली. त्या लुगड्या-धोतरांनी त्यांनी दिव्यांच्या वायरी आणि बुटांचा चिखल पुसला. रूपरावचा खरा शर्टही त्यातच गेला. चित्रपटासाठी नवा शर्ट शिवला आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला.

माझ्या पोटात पांढराशुभ्र कापूस भरला, कारण तो हळूहळू उडताना बरा दिसतो. अहो, हा कापसाचा जिल्हा. इथलं शेंबडं पोरही सांगेल की सुट्या कापसानं मुक्क्याचा थैला भरत नसतात. तो दोन महिन्यांत बसतो. पण विचारतो कोण? आणि मी नीट झुलावं म्हणून त्यांनी कापसाखाली रेतीची एक घट्ट थैली ठेवली. हे फक्त त्यांच्या माणसांना ठाऊक आणि मला.

मग नायिका आली. तिच्या ठोशानं माशी उठली नसती. आवाज मागाहून घातला, दार आपटल्यासारखा. हात खाली, हनुवटी वर, डोळ्यात ग्लिसरीन. आमच्या व्यायामशाळेतल्या कोणत्याही पोरीनं तिला पहिल्या मिनिटात झोपवलं असतं.

शूटिंग संपलं. त्यांनी मला घाईघाईनं शिवून टाकलं, व्यायामशाळेला एक नवा लाल थैला भेट दिला, चहात बुडवलेला तो शर्ट आठवण म्हणून रूपरावला दिला आणि ते गेले. भैय्याजींनी मला कोपऱ्यात टांगलं. गळ्यात हार घातला, बाजूला नायिकेचा फोटो लावला आणि हात लावू नये अशी पाटी लिहिली. खंडेनवमी आली तेव्हा सर मला उघडायचं म्हणाले. भैय्याजींनी ठाम नकार दिला. हिरोइनचा हात लागलाय, आतला कापूससुद्धा तिच्या वेळचा आहे, तसाच राहू द्या, म्हणाले. सरांनी दोनदा सांगून पाहिलं. मग नवा थैला आहेच, असं म्हणून तेही गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मलाही तो हार आवडला होता. लाखो ठोशांनंतर पहिल्यांदा कोणी फुलं घातली होती.

पुढच्या वर्षी चित्रपट मोबाइलवर आला. भैय्याजींनी बरोबर खंडेनवमीची दुपार धरली, खिडक्यांना चादरी लावल्या आणि हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर तो सगळ्यांना दाखवला. माझ्या कोपऱ्यातून मीही पाहिला.

काय सांगू! कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत होतं. माणसाला हुंदका यायच्या आधीच ते सुरू व्हायचं. पाऊस फक्त कोणी मरताना पडायचा. कुत्रं आभाळाकडे पाहून रडलं. आणि शेवटी थैला फुटून बापाचा शर्ट निघतो, मग लढतीच्या तिसऱ्या फेरीआधी नायिकेचा हात मोडतो. डॉक्टर म्हणतो, लढलीस तर हात कायमचा जाईल. प्रशिक्षक म्हणतो, थांब. ती दोघांना ढकलून देते. खोकणारी आई दोरांपाशी येऊन तो शर्ट हवेत फडकवते आणि मेलेला बाप ढगातून म्हणतो, "ऊठ पोरी, तुले बापाची आण आहे." ती उठते, मोडक्या हातानं जिंकते आणि डॉक्टर मान खाली घालतो.

सगळा हॉल रडत होता. भैय्याजी रुमालात, बायका पदरात. रूपराव तर हमसून हमसून. शेजारची वच्छलाबाई नलूचा हात धरून तिला धीर द्यायला लागली, आणि ज्याच्यासाठी धीर द्यायचा तो दोन खुर्च्या सोडून बसला होता. आणि खरं सांगतो, कापूस उडून तो शर्ट बाहेर आला तेव्हा क्षणभर माझ्याही पोटात कालवलं. शर्ट खोटा, पोट माझं, फाडलेलंही मलाच, सगळं माहीत असून कालवलं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

एकच जण रडलं नाही. रूपाली. ती गंभीर होऊन पाहत होती. ते मला रडण्याहून वाईट वाटलं, कारण तिनं ते खरं मानलं होतं. थांब म्हणणारा भित्रा आणि दुखतं म्हणणारी त्याहून भित्री, एवढं तिनं त्या दुपारी गाठीला बांधलं.

चित्रपट संपल्यावर भैय्याजींनी मोबाइल काढला. ज्या दिवशी मला उघडायचं, त्याच दिवशी त्यांनी माझा हार काढला आणि रूपालीला म्हणाले, पिक्चरमध्ये मारते तसंच मार, मी व्हिडिओ काढतो. सर खुर्च्या उचलत होते. रूपालीनं ग्लोव्ह न घालता, नुसती पट्टी बांधून डावा हात वळवून खालून मारला. वर्षभरात कापूस बसून दगड झाला होता आणि रेतीची थैली एका अंगाला सरकून ताडपत्रीला टेकली होती. तिचं मनगट थेट रेतीवर आलं.

मला तो आवाज ऐकू आला. काडी मोडल्यासारखा, बारीक. मित्रांनो, ज्या पोरीला मी दहाव्या वर्षापासून सांभाळलं, तिचा हात माझ्याच पोटानं दुखावला, आणि मला तोंड नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भैय्याजींना ते फार आवडलं. वा, खरे अश्रू आले, म्हणाले.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी दहा दिवसांवर होती. रूपालीनं कोणालाच सांगितलं नाही. घट्ट पट्टी बांधायची, डाव्या हाताला आराम देते म्हणायची आणि उजव्यानंच सराव करायची. रोज माझ्यासमोरून जाताना ती मनगट छातीशी धरायची. मी लटकत होतो. दुसरं काय करणार?

चाचणी आमच्याच हॉलमध्ये होती. पहिली लढत तिनं उजव्या हातावर काढली. अंतिम लढतीत समोर हिंगणघाटची एक उंच, शांत पोरगी होती. दोन फेऱ्यांत रूपालीनं डावा हात चारदासुद्धा पुढे केला नाही. केला की तिच्या ओठांचा रंग जायचा. दुसरी फेरी संपली. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. सरांनी विचारलं, हात काऊन चालत नाही? ती मान हलवून काही नाही म्हणाली.

लोकांना मात्र सगळं कळलं होतं. म्हणजे, पिक्चर कळला होता. पोरगी मार खाते, तिसरी फेरी उरली, आता ती उठणार! भैय्याजींनी चित्रपटाचं गाणं मोबाइलवर लावलं. तेवढ्यात गर्दीतून रूपराव आला. हातात चहात बुडवलेला तो शर्ट. इस्त्री केलेला. दोरांपाशी येऊन त्यानं तो हवेत फडकवला. तो म्हणाला, "ऊठ पोरी, तुले बापाची आण आहे."

या माणसानं आयुष्यात कोणाचं वाईट केलं नसेल. तो बापच होता, प्रेमच करत होता. पण प्रेम कसं करायचं हे त्याला त्या काळ्या चष्मेवाल्यानं शिकवलं होतं, आणि त्या शिकवणीत पोरीचा हात जाणार होता. माझा जीव कडीला लटकला होता.

रूपालीनं शर्टाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. ढगात नव्हता तो. तीन हातांवर उभा होता, घाम आलेला, चपलांना चिखल लागलेला.

"बाबा, तुमी त जिते आहा," ती म्हणाली. "मंग मेल्या माणसाची आण काऊन घालून राह्यले?"

रूपरावचा हात तसाच वर राहिला. रूपाली सरांकडे वळली. "सर, मनगट दुखून राह्यलं. दहा दिवस झाले. त्या थैल्यात काहीतरी आहे." सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगणात टाकला, म्हणजे लढत सोडली. पंचांनी हिंगणघाटच्या पोरीचा हात वर केला.

भैय्याजींचं गाणं तेवढं वाजत राहिलं, मग त्यांनाच लाज वाटून त्यांनी ते बंद केलं. मागे कोणीतरी म्हणालं, एवढ्यासाठी आलो का? फुकट पाहायला आलेल्यांनाही क्लायमॅक्स लागतो, मित्रांनो. आपल्या घरच्या पोरीचं हाड मोडून लागतो. थू!

सेवाग्रामच्या दवाखान्यात फोटो काढला. मनगटाचं लहान हाड तडकलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मान खाली घातली नाही. आणखी एक फेरी लढली असती तर हात पहिल्यासारखा झाला नसता, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि दोन महिने प्लॅस्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खाली उतरवलं आणि उघडलं. रेतीची थैली बाहेर आली तेव्हा भैय्याजींनी ती हातात घेऊन तोलून पाहिली. स्वतःच्या हातानं त्यांनी नायिकेचा फोटो आणि पाटी काढली. कापूस नलूबाई घेऊन गेली. तिनं तो पिंजून त्याची एक लहान उशी केली, पोरीचा प्लॅस्टरचा हात ठेवायला. त्या सगळ्या चित्रपटातली कामाला आलेली वस्तू म्हणाल तर ती एक.

माझं पोट पुन्हा भरायचं होतं. वस्तीनं कपडे आणले. रूपराव सगळ्यांच्या शेवटी आला. तो चहात बुडवलेला शर्ट त्यानं पोरीपुढे धरला नाही. माझ्या पोटात अगदी मधोमध घातला, दांडक्यानं ठासला आणि पायरीवर जाऊन बसला.

मित्रांनो, तुम्हाला रडू आलं तर खुशाल रडा. पण कोणी तुमच्या डोळ्यांतून पाणी काढत असेल तर एकदा त्याचं पोट उघडून पाहा, आत काय भरलंय ते. आणि मला फुलं घालू नका. वर्षातून एकदा उघडा, ऊन दाखवा, सारखं भरा. एवढी काळजी घेतलीत की मी तुमचे हात सांभाळीन.

प्लॅस्टर निघाल्यावर एक महिन्यानं रूपाली माझ्यासमोर उभी राहिली. आधी तळहातानं मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. मग डावा हात वळवून, हळूच, मारला. शर्टावर लागला. हात दुखला नाही. ती पुन्हा मारायला लागली, जरा जोरात, आणि मग आणखी जोरात, आणि माझ्या कडीपर्यंत कळ गेली. तेवढ्यात पायरीवरून तिच्या बापाचा आवाज आला.

"आटप व, बस येऊन राह्यली."